विश्लेषण : आंबा घाटाच्या जंगलात ताडोबासारखी सफारी का चालणार नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील वाघीण चांदोलीत आणली गेली आणि सह्याद्रीतील जंगले पुन्हा चर्चेत आली. वाघ आला, आता सफारी सुरू होईल, गावांत पैसा येईल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मात्र मलकापूरच्या पश्चिमेला सुरू होणारे जंगल वेगळ्या जातीचे आहे. तेथे काय पाहायचे, कसे पाहायचे आणि त्याचा मोबदला कोणाला मिळायचा, याची उत्तरेही वेगळी आहेत.

मलकापूरच्या पुढे नेमके काय आहे?

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्याचे मुख्य ठिकाण. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर कोल्हापूरपासून साधारण ४५ किलोमीटरवर. येथपर्यंत ऊस आणि भाताची शेते सोबत असतात. पुढे आंबा गावाकडे जाताना चढ लागतो, पाऊस वाढतो आणि जांभूळ, अंजन, हिरडा यांचे निमसदाहरित रान सुरू होते. मधेच उघडे, काळ्या-तांबड्या जांभ्याचे सडे. त्यानंतर आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्ह्यातील साखरपा.

या पट्ट्याच्या उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ३१७.६७ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला राधानगरी अभयारण्य, म्हणजे गव्यांसाठी राखलेले जुने दाजीपूर. कोयना, चांदोली आणि राधानगरी तिन्ही २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. चांदोली आणि राधानगरी यांना जोडणारा दुवा म्हणजे आंबा, विशाळगड, गगनबावडा हा घाटमाथा.

येथे वाघ आहेत, मग दिसत का नाहीत?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मे २०१८ मध्ये बऱ्याच वर्षांनी स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. २०२२ मध्ये राधानगरीत छायाचित्रित झालेला एक नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये थेट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आढळला. हा घाटमाथा वाघ खरोखरच वापरतात, याचा हा पुरावा. पुढे ‘सेनापती’, ‘सुभेदार’ आणि ‘बाजी’ अशी नावे मिळालेल्या तीन नरांची नोंद झाली. माद्यांची उणीव भरून काढण्यासाठीच वाघिणी बाहेरून आणण्याची योजना आखली गेली.

ताडोबाचे जंगल शुष्क पानगळीचे. उन्हाळ्यात पाने झडतात, नजर लांब जाते. पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते आणि प्राणी तेथेच येतात. चितळ-सांबरांची संख्या मोठी असल्याने वाघही दाट. घाटमाथ्यावर नेमके उलटे. येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, रान बाराही महिने गच्च असते आणि उन्हाळ्यातही झरे, ओढे वाहत असल्याने प्राण्याला एका ठरावीक पाणवठ्यावर यावे लागत नाही. भक्ष्यही विरळ. जिप्सीत बसून दहा फेऱ्या मारल्या तरी वाघ न दिसणे हाच येथला नियम. वाघाच्या नावावर सफारी विकली, तर पर्यटक एकदा येईल, निराश होऊन परतेल आणि पुन्हा येणार नाही.

मग पाहण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे, पण ते बहुतांशी पायी आणि थांबून पाहायचे. महाधनेश हे त्याचे उत्तम उदाहरण. हा भलामोठा पक्षी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत घरटे करतो. मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि ढोलीचे तोंड लिंपते. एक बारीक फट तेवढी उरते. त्या फटीतून नर कित्येक आठवडे तिला आणि पिलांना फळे भरवतो. म्हणजे या पक्ष्याला दोन गोष्टी लागतात : ढोली असलेले म्हातारे झाड आणि वड-उंबरासारखी फळझाडे. ही दोन्ही आज प्रामुख्याने देवराया आणि जुन्या मालकी रानांत टिकून आहेत.

त्याशिवाय शेकरू, भेकर, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री आणि सशाएवढी लाजरी पिसोरी. मेअखेरीस वळवाच्या सरींनंतर काजवे. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तुर, बांबूवर वेटोळे घालून बसलेला हिरवा चापडा आणि रात्री नाना आवाजांचे बेडूक. पावसाळा संपता संपता सड्यांवर रानफुले. कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. यासाठी गाडी नको, जंगलाची वाट माहीत असलेला माणूस हवा.

गवा दिसणे ही पर्वणी की डोकेदुखी?

दोन्ही. पूर्ण वाढलेला नर टनभर वजनाचा असू शकतो. पर्यटकासाठी ते आयुष्यभर लक्षात राहणारे दृश्य. ज्याच्या उसात किंवा भातात रात्री कळप शिरतो, त्याच्यासाठी ती वर्षाची कमाई. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा, कागदपत्रे आणि हेलपाटे यांत शेतकऱ्याचे दिवस जातात. गवा पाहून मिळणारा पैसा मुक्कामाच्या जागेच्या मालकाकडे आणि गव्याचा तोटा शेतकऱ्याकडे, ही विभागणी टिकाऊ नाही.

पाहणाऱ्यांच्या गर्दीचा धोकाही कमी नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेल्या गव्यामागे बघे लागले. धावून धावून थकलेल्या त्या प्राण्याचा अखेर मृत्यू झाला. रस्त्यात गवा दिसला की गाडी थांबवून उतरणे, हॉर्न वाजवणे, प्रकाशझोत टाकणे यातून तेच घडू शकते. अशा वेळी गव्याने माणसावर चाल केली, तर दोष गव्याचा नसतो.

कायद्याचे संरक्षण कितपत आहे?

राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये आठ संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली. त्यात ९२.९६ चौरस किलोमीटरचे विशाळगड आणि १०४.३९ चौरस किलोमीटरचे गगनबावडा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम ३६-अ नुसार हा दर्जा मिळतो. राष्ट्रीय उद्यानाप्रमाणे यात गावे उठवावी लागत नाहीत. व्यवस्थापन समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, असे कायदाच सांगतो. चांदोलीसाठी घरदार सोडावे लागलेल्या कुटुंबांचा अनुभव या भागात ताजा असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा मात्र मोठी आहे. हे क्षेत्र केवळ सरकारी जमिनीवर घोषित होते. घाटमाथ्यावरील बरेचसे रान मालकीचे आहे. मालकाला पैशाची गरज पडली की झाडे तुटतात किंवा जमीन विकली जाते. तेथे फार्महाऊस, तारेचे कुंपण, रात्रभर दिवे येतात. सड्यांखालच्या बॉक्साईटचे आकर्षण वेगळेच. जंगल नकाशावर हिरवे दिसत राहते, पण वाघाची किंवा गव्याची वाट मधेच तुटते. जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी उभारलेल्या सोयींमुळेच ती वाट तुटावी, हा यातला विरोधाभास.

पर्यटनाचा लाभ गावाला कसा मिळेल?

ताडोबाच्या बफर क्षेत्रातील आगरझरीसारख्या प्रवेशद्वारांवर गावातलेच तरुण वाटाडे आणि जिप्सीचालक म्हणून काम करतात. तेथून घ्यायचा तो धडा हा, की गावाचे पोट जंगलावर चालले तर गाव जंगल राखते. घाटमाथ्यावर त्याचे रूप वेगळे असेल : प्रशिक्षित स्थानिक वाटाड्याशिवाय जंगलात प्रवेश नाही, एका वेळी मोजकी माणसे, मोठ्या रिसॉर्टऐवजी घरगुती मुक्काम आणि शुल्काचा ठरावीक वाटा ग्रामपंचायतीच्या समितीकडे. मालकी रान उभे ठेवणाऱ्याला त्या झाडांसाठी वार्षिक मोबदला मिळण्याची सोय झाली, तर कुऱ्हाडीला पर्याय निर्माण होईल. ढोलीचे जुने झाड लाकूड म्हणून एकदाच विकले जाते. उभे राहिले तर दर हंगामात धनेश पाहायला माणसे येतील.

घाटमाथ्यावर येणाऱ्याने काय पाळावे?

पावसाळ्यात चांदोलीचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. खात्री करूनच निघावे. घाटात वेग कमी ठेवावा, कारण हा रस्ता वन्यप्राण्यांची वाट आडवी छेदतो. काजवे पाहताना विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवावेत, कारण त्या प्रकाशात त्यांचे एकमेकांना दिलेले संकेत हरवतात. धनेशाच्या ढोलीजवळ थांबू नये, कारण माणसे जवळ असली की नर घास घेऊन येत नाही आणि आतली मादी, पिले उपाशी राहतात. मुक्काम आणि जेवण शक्यतो गावातल्याच घरी घ्यावे. वाघ दिसला नाही म्हणून फेरी वाया गेली असे समजू नये. ओलसर मातीत त्याचा एखादा ठसा सापडला, तरी तो याच वाटेने गेला एवढे निश्चित कळते. ती वाट पुढेही मोकळी राहील की नाही, हे आता घाटमाथ्यावरील मालकी रानांचे काय होते यावर ठरणार आहे.