उकार कापणारी पाने

ज्या एका मराठी नियतकालिकाचे संकेतस्थळ मी वर्षानुवर्षे नित्यनेमाने वाचीत आलो, त्याचे यंदा नूतनीकरण झाले आणि जुन्या अंकांचे सारे पत्ते एकाएकी बाद ठरले. उरलेल्या पानांवर मजकुराच्या आधी एक अवाढव्य छायाचित्र आले, त्यावर आपोआप सरकणारी पट्टी आली, आणि रोमन लिपीच्या धर्तीवर मथळ्याची अक्षरे विरळ केल्यामुळे शिरोरेषेचे ठायी ठायी तुकडे पडून शब्द हा शब्द म्हणून ओळखू येईनासा झाला. सबब मराठी संकेतस्थळांच्या मांडणीचा हा मागोवा.

आरंभीची वर्षे थोडक्यात आटोपतो. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले, पुढच्याच वर्षी परदेशस्थ मराठी मंडळींच्या उद्योगातून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ उभे राहिले. परंतु त्या काळची बहुतेक पाने लुकलुकणाऱ्या अक्षरांनी आणि सरकत्या ओळींनी इतकी गजबजलेली असत की त्यांच्याविषयी अधिक लिहावे असे काही नाही. एक तक्रार मात्र दप्तरी दाखल केलीच पाहिजे. टंक विकणाऱ्यांनी देवनागरीच्या अक्षरांस आपापले खाजगी संकेत दिले, वाचकास ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ असा हुकूम सोडला, आणि तो न मानणाऱ्याच्या पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग ओतला. वस्तुतः युनिकोडात देवनागरी 1991 पासून होती आणि विंडोज 2000 बरोबर रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ही येऊन पोहोचला होता, असे असूनही कित्येकांनी आपले लेखन त्या खाजगी संकेतांतच राहू दिले, आणि पुढे ते त्यांचे त्यांनाही शोधता येईना. हे अज्ञानाने कमी व व्यापारी हट्टाने अधिक झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर जे दशक आले ते मी जवळून पाहिले. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला, 2004 मध्ये ‘मनोगत’ आले, 2007 मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे आली, आणि त्यांच्या आगेमागे असंख्य हौशी माणसांनी स्वतःची पाने मांडली. आम्ही मोझरीची माणसे नागपूर रस्त्याने अमरावतीस जाऊन, तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बसत असू. पान वरून खाली संथपणे उमटत येई, आणि ज्या पानावर चित्रांची रेलचेल असे ते पुरते उमटेपर्यंत आमची वेळ सरत आलेली असे. म्हणूनच त्या काळच्या उत्तम पानांचा साधेपणा मला अकिंचनपणा वाटला नाही. त्यांत वाचकाच्या वेळेचा आणि पैशाचा मुलाहिजा होता. फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, मजकुराचा एकच स्तंभ, लेखाखाली लेखकाचे नाव व तारीख, आणि जेथे दुवा आहे तेथे तो दुवा आहे हे रंगावरून व अधोरेषेवरून निःसंशय कळण्याची व्यवस्था, एवढ्या सामग्रीवर त्या मंडळींनी, ज्यांतील पुष्कळांना आरेखनकलेचे कसलेही शिक्षण नव्हते, मराठी गद्याला पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली.

अक्षराची त्यांना किती आस्था होती याचा एकच दाखला देतो. जुन्या यंत्रांवर ‘वऱ्हाड’ हा शब्द पुष्कळदा नीट उमटत नसे. रकाराचा तो आडवा नाजूक अवयव नाहीसा होऊन हकाराच्या माथ्यावर रफार चढे आणि आमच्या प्रांताचे नाव ‘वर्हाड’ असे विद्रूप दिसे. हा दोष कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबल्यास टळतो, यावर लोक तळमळीने चर्चा करीत. ‘मनोगता’ने तर लेखकाच्या हाताशी शुद्धिचिकित्सक दिला होता. उत्तम शैली म्हणतात ती माझ्या मते हीच, की वाचकाच्या डोळ्याला जेथे अडखळावे लागेल तेथे कर्त्याने आधीच हात लावून ठेवलेला असावा.

आता साधने उदंड झाली आहेत. ‘एक टाइप’ने घडवलेले मुक्त, बलू यांसारखे देखणे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात, ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडलेल्या विचारानुसार एकच पान लहानमोठ्या पडद्यांशी जुळवून घेते, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी एका ओळीची नोंद केली, तर ज्या टंकांत तशी तरतूद आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात. ती ओळ लिहिण्याची तसदीही फार थोडे घेतात. ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या मापाने ठेवल्यामुळे घट्ट चौकटींत मात्रा आणि उकार छाटले जातात. माझ्या मोबाइलवर ‘गुरुकुंज’ हा शब्द अशाच एका चौकटीत मी पाहिला आहे. ‘रु’चा उकार अक्षराच्या कुशीतच असल्याने तेवढा बचावला होता, ‘गु’ आणि ‘कु’ यांचे पाय मात्र छाटलेले, आणि जे उरले ते ‘गरुकंज’.

हे गुरुकुंज म्हणजे आमच्या मोझरीतील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात येथे लोकसागर लोटतो आणि सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी सारा समुदाय मौनात उभा राहतो. त्या गर्दीत आता महाराजांची ग्रामगीता मोबाइलवर वाचणारी माणसेही असतात. 1955 साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ खेड्यातील माणसाला कळावा म्हणूनच ओवीबद्ध रचलेला आहे, आणि ओवी चार चरणांची. अरुंद पडद्यावर तो चरण भलत्याच ठिकाणी मोडतो, ओवीचा क्रमांक दंडासह तुटून खालच्या ओळीत एकटा पडतो, आणि वर जाहिरात उघडली की अर्धी ओवी झाकली जाते. चरणाचरणाला ओळ द्यावी, क्रमांक शेवटच्या शब्दाशी जोडून ठेवावा, ओळींत अंतर वाढवावे, हे जाणत्या माणसाचे एका दुपारचे काम आहे. ते सोडून सरकत्या पट्ट्या सजवण्यात जे श्रम खर्ची पडतात, त्यांचा मला मनापासून संताप येतो.