मागील अँटी-रोल बार

मागील अँटी-रोल बार हा मोटारवाहनाच्या डाव्या व उजव्या मागील चाकांच्या सस्पेन्शनला एकमेकांशी जोडणारा पोलादी दांडा होय. वळणावर वाहन बाहेरच्या बाजूस कलते. तो कल कमी करणे हे त्याचे मुख्य कार्य आहे. त्यास स्टॅबिलायझर बार असेही म्हणतात.

कार्य
दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाल्यास दांडा नुसता फिरतो. एकच चाक वर गेल्यास मात्र त्याला पीळ बसतो व तो त्या पिळाला विरोध करतो. भरीव दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर व्यासाचा दांडा सुमारे ४६ टक्के अधिक ताठर असतो.

पकडीवरील परिणाम
वळणावर आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. दांड्यामुळे हा एकूण भार फारसा बदलत नाही. बदलते ती पुढील व मागील चाकांमधील त्याची विभागणी. समजा, मागील प्रत्येक चाकावर ३०० किलो भार आहे. वळणावर तो २०० व ४०० होत असेल, तर ताठर दांड्यामुळे तो १५० व ४५० होऊ शकतो. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते. त्यामुळे आतल्या चाकाने गमावलेली पकड बाहेरचे चाक भरून काढू शकत नाही. मागील एकूण पकड घटते, पुढील वाढते. पुढील चाकांनी चालणारी मोटार त्यामुळे वळणात अधिक सहज शिरते. मात्र दांडा अति ताठर असल्यास, विशेषतः ओल्या रस्त्यावर, तिचा मागचा भाग बाहेर घसरण्याची शक्यता वाढते. खडबडीत रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकालाही जाणवतो.

मालवाहतुकीतील महत्त्व
पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्डात भाजीपाला व कांदा घेऊन अनेक टेम्पो दिवे घाट, कात्रज घाट अशा वळणांच्या मार्गांनी येतात. माल उंच रचल्यास गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधील अंतर १.५ मीटर व गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असल्यास, स्थूल हिशेबाने, गुरुत्वाकर्षणाच्या ०.७५ पट आडव्या त्वरणाला वाहन उलटू शकते, उंची १.२५ मीटर झाल्यास ही मर्यादा ०.६ पटीवर येते. दांड्यामुळे कल कमी दिसला तरी ही मर्यादा फारशी वाढत नाही. त्यामुळे कमी कलणारे वाहन अधिक वेगाने वळवणे सुरक्षित असते, असा निष्कर्ष काढता येत नाही.