जुनी फटफटी, बेताचा खर्च

1985 साली हीरो होंडा कंपनीने सीडी 100 ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्या जाहिरातीचा आशय असा होता की, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. पेट्रोलच्या बाबतीत गाडीने तो शब्द पाळला. राजदूत आणि येझदी यांच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑईल मोजून ओतावे लागे. ती कटकट या फोर स्ट्रोक गाडीला नव्हती. परंतु आपल्या लोकांनी विसरून जाण्याचा तो सल्ला पेट्रोलपुरता न ठेवता इंजिनाचे ऑईल, चेन, ब्रेकची केबल आणि टायर या सर्वांनाच लागू केला. एवढे विस्मरण सोसूनही ती गाडी वर्षानुवर्षे चालते, हे तिचे मोठेपण होय. पण ते सोसणे फुकट नसते.

लातुरात गंजगोलाईच्या एखाद्या वाटेच्या तोंडाशी किंवा नांदेडला वजिराबादच्या रस्त्याला सकाळी घटकाभर उभे राहावे. रतीब घालून परतणारा दूधवाला, भाजीची गाठोडी बांधलेला माळी, बापाची गाडी घेऊन शिकवणीला आलेला मुलगा, असे कितीतरी लोक पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर बसलेले दिसतील. अशा घरात गाडी बंद पडली म्हणजे एक रतीब, एक दिवसाची मजुरी किंवा एक तास बुडतो. आणि गाडी वेळेवर थांबली नाही तर काय बुडते ते सांगावयास नको. म्हणून येथे विषय एवढाच घेतला आहे की, हाती हजार-दोन हजार रुपये असताना ते जुन्या गाडीवर कोणत्या क्रमाने खर्च करावेत. माझे मत असे की, गाडी थांबवणाऱ्या भागांवर आधी, चालवणाऱ्या भागांवर मागाहून, आणि दिसणाऱ्या भागांवर उरले तरच. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो.

खर्चापूर्वी परीक्षा हवी. लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथे जनावर घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग किमतीचे बोलणे काढतो. तोच शेतकरी जुनी मोटारसायकल घेताना मात्र टाकीचा रंग पाहतो! गाडी डबल स्टँडवर घ्यावी व कोणाला तरी मागून दाबावयास सांगून पुढचे चाक अधांतरी करावे. शॉकअपच्या नळ्या खालून धरून पुढे-मागे ओढाव्यात. खटखट असा झोल लागला तर हँडलखालचा कोनसेट ढिला आहे. हँडल हळू फिरवताना ते मधोमध किंचित अडकले तर कोनसेट झिजून त्यात खळगे पडले आहेत. मग मागचे चाक आडवे हलवून पाहावे. तेथे झोल असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा की स्विंगआर्मच्या बुशांचा, हे हात लावून ओळखता येते. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

आता ब्रेक. आपल्याकडे एक समजूत फार घट्ट बसली आहे की, पुढचा ब्रेक लावला की गाडी पालथी होते. पुढची केबल तुटली तर ती महिनोन्‌महिने न बदलणारे लोक मी पाहिले आहेत. काहींना ती तुटल्याचे समाधानच वाटते. वस्तुस्थिती अशी की, एसटीच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणजे उभे प्रवासी जसे पुढे कलंडतात, तसाच गाडीचा व बसणाऱ्यांचा भार ब्रेक लागताच पुढच्या चाकावर जातो. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकड अधिक. मागचे चाक त्या क्षणी हलके झालेले असते. ते चटकन अडकते आणि घसरते. म्हणजे थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकाचेच आहे. वाळूवर, शेणावर, ओल्या डांबरावर किंवा हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला तर गाडी पडते, हेही खरे, आणि त्या पडण्यातूनच ही समजूत निघाली आहे. तिचा उपाय ब्रेक सोडून देणे हा नसून, सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र व हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याची सवय करणे हा आहे. रिकाम्या मैदानावर अर्धा तास दिल्यास ती लागते.

ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या बाजूस बहुधा एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता तो बाण खुणेशी पोचला, की आतले लायनर संपले असे समजावे. तेथे नट आवळून वेळ मारून नेऊ नये. चाक उघडल्यावर ड्रममधील धूळ फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. लायनरला ऑईल वा ग्रीस लागले असेल तर घासून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. केबलचा एक जरी तंतू सुटलेला दिसला तरी केबल बदलावी. शे-दोनशे रुपयांच्या या वस्तूवर काटकसर करणाऱ्याने सीटकव्हरवर किती घातले, ते मनाशी मोजून पाहावे.

टायरचेही तसेच. दुचाकीच्या टायरची नक्षी 0.8 मिलीमीटरहून कमी खोल नसावी असा नियम आहे. पण आपल्या उन्हात नक्षी शाबूत असूनही रबर मरते. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते, तिच्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. दुकानात ‘नवा’ म्हणून दाखवलेला टायर किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते. बाजूला बारीक भेगा दिसल्या की त्याचे दिवस भरले. हवा सकाळी, चाक थंड असताना पाहावी. वैशाखात भर दुपारी लातूरहून अहमदपूरला पोचल्यावर हवा जास्त वाटली म्हणून ती सोडू नये; उष्णतेने दाब वाढतोच.

चेन ही घरी करावयाची उत्तम शिकवणी आहे. खालच्या बाजूस मधोमध ती वरखाली 25 ते 35 मिलीमीटर हलावी. चाक फिरवून चार-पाच जागी पाहावे आणि सर्वांत ताठ जागेवर माप घ्यावे. चाक मागे ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. चाक मागे गेले की मागचा ब्रेक आपोआप आवळला जातो; तो पुन्हा जुळवावयाचा हे नवशिक्या हटकून विसरतो. चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. इंजिनातून काढलेले जळके ऑईल चेनला लावण्याची चाल सर्रास आहे, पण त्यात धातूचा बारीक कीस असतो. नव्वद नंबरचे ऑईल थोडेसेच लावून वरचेवर पुसणे बरे. गरारीचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन व दोन्ही गरारी एकदमच बदलाव्यात. नवी चेन जुन्या दातांवर फार काळ टिकत नाही.

ओझ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहरातील दुचाक्या घागरी व कॅन यांनी लादलेल्या होत्या. पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो. वीस लिटरचे चार कॅन म्हणजे ऐंशी किलो, अर्थात एक धडधाकट माणूस. फरक इतकाच की माणूस वळणावर तोल सांभाळतो आणि पाणी डुचमळते. दुधाच्या चाळीस लिटरच्या दोन कॅनांचेही वजन जवळपास तितकेच. हे ओझे मागच्या आसाच्याही मागे लटकले तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डुलू लागते आणि नुकताच ज्याचा महिमा सांगितला तो पुढचा ब्रेक दुबळा होतो. म्हणून ओझ्याची चौकट करून घ्यावयाची तर ती शक्य तितकी खाली, शक्य तितकी पुढे आणि दोन्ही बाजूंना समतोल असावी. ती नटबोल्टांनी बसवावी. चासीला वेल्डिंग करून चिकटवू नये, कारण जोडाशेजारचे लोखंड तापून त्याचा स्वभाव बदलतो व तेथेच पुढे तडा जातो. नेहमीच ओझे असेल तर मागची गरारी दोन-तीन दात मोठी घालावी. समजा 42 दातांच्या जागी 45 दातांची घातली, तर ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढेल आणि तितकाच वेग प्रत्येक गिअरमध्ये कमी होईल. दूधवाल्याला हा सौदा परवडतो. रोज नांदेड-लातूर करणाऱ्याला परवडणार नाही.

एवढे झाल्यावर इंजिनाकडे वळावे. ‘गाडी धूर मारते, इंजिनाचे काम निघाले’ हे वाक्य ऐकताच मालकाचे तोंड उतरते. पण धूर पाहावयास शिकले पाहिजे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आपल्या काळ्या रानातल्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो आणि त्याचा दोष कार्बोरेटरवर जातो. फोमचा फिल्टर असेल तर तो डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, किंचित ऑईल लावून पिळून बसवावा. कागदाचा असेल तर बदलावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. त्यातही भेद आहे. उतारावर थ्रॉटल मिटून आल्यावर पुन्हा उघडताच भपकन निळा धूर निघाला व मग थांबला, तर संशय वॉल्व सीलवर घ्यावा. जोर लावला की सतत निघत राहिला, तर रिंगा. प्लग काढून त्याच्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडावे आणि प्लग बसवून किक मारावी. किकेला पूर्वी नसलेला जोर आला तर रिंगा व बोअर झिजले आहेत, न आला तर दोष वॉल्वचा. वॉल्व सील स्वस्त असतात. बोअर करून मोठा पिस्टन घालणे महाग. बोअर पाव-पाव मिलीमीटरने एक मिलीमीटरपर्यंत वाढवता येते आणि पुढे सिलिंडर बदलावा लागतो, म्हणून एक बोअर वाया घालवणे म्हणजे गाडीचे आयुष्य खर्चणे होय. ही पाच मिनिटांची परीक्षा मालकाने स्वतः करून मगच गॅरेजात जावे. मेकॅनिक लबाड असतो असे मला म्हणावयाचे नाही. त्याच्याकडे दहा गाड्या उभ्या असतात आणि आपली गाडी उतारावर कशी वागते हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

इंजिनाचे ऑईल दर आठवड्याला पाहावे. प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे असावे. कोरडे काळे असेल तर हवा कमी, चिकट काळे असेल तर ऑईल, पांढरे असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. टॅपेटची फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते, ती इंजिन थंड असतानाच मापावी. बेअरिंग ठोकणे, चाकाचा आऊट काढणे, बोअर करणे ही कामे घरी करू नयेत.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. 2025 पर्यंत देशभर त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. मांजरेच्या खोऱ्यात ऊस पिकवणाऱ्यांना त्याचे वेगळे कौतुक असणे स्वाभाविक आहे. परंतु इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे गाडी थोडी कमी जाते. जुने रबर त्याने फुगते वा ठिसूळ होते. आणि ते पाणी शोषून घेते. तेव्हा पेट्रोलची नळी व कॉकचे वॉशर एकदा बदलून घ्यावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी खालचा स्क्रू सोडून रिकामी करावी.

राहिला हौसेचा भाग. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेले मूळ स्वरूप परवानगीवाचून बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरले. फटाके फोडणारा सायलेन्सर कायद्यात बसत नाही आणि शेजाऱ्यांच्या झोपेतही बसत नाही. उलट, मागे बसणाऱ्याला धरावयास दांडी, पाय ठेवावयास आधार आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून आडोसा असलाच पाहिजे, असे 1989 च्या नियमांतील नियम 123 सांगतो. साडीचा पदर, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या भागाला नवे नाहीत, तरी गाडी ‘हलकी’ दिसावी म्हणून लोक तो साडीगार्डच आधी काढतात. जुन्या गाडीत करण्याजोगी पहिली सुधारणा कोणती असे विचाराल, तर काढलेला साडीगार्ड परत बसवणे. दुसरी, मागे लाल परावर्तक पट्टी. तिसरी, दिव्याच्या वायरींचे अर्थिंग घासून लख्ख करणे. मंद दिव्यांपैकी कित्येक तेवढ्याने सुधारतात. पंधरा वर्षांनी नोंदणी पाच वर्षांसाठी नवी करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा हे सर्व पाहिले जाते.

हे वाचून होईल तोवर मृग जवळ आलेला असेल. पहिल्या पावसाआधी दोन्ही केबलींत कागदाचे नरसाळे करून ऑईलचे थेंब सोडावेत, प्लगची टोपी चिरली असल्यास बदलावी. शेताच्या वाटेने जाणाऱ्यांनी पुढचे मडगार्ड वॉशर घालून बोटभर उचलून घ्यावे, पण काढून टाकू नये. काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते आणि फर्लांगभरात चाक जाम होते. सीटखाली हातभर लांबीची एक चपटी काठी ठेवावी; चिखल काढावयाला पान्ह्यापेक्षा ती बरी.