दारं बंद नव्हे, सताड उघडी

चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आपण हसतो, पण हा विसरभोळेपणा म्हणजे शरीराचं मोठं कसब आहे. नाकावरच्या भाराची त्वचेला आणि मेंदूला सवय होते आणि ती बातमी आपल्यापर्यंत पोचेनाशी होते. पंख्याची घरघर, मनगटावरचं घड्याळ, मानेमागचं शर्टाचं लेबल, सगळं असंच चाळणीत अडकतं. म्हणून तर आपण सुखानं वर्तमानपत्र वाचू शकतो!

आता समजा, या चाळणीची भोकं मोठी झाली. ट्यूबलाइटची गुणगुण, मिक्सरचा आवाज, उदबत्तीचा वास, टोचणारं लेबल आणि समोरच्याचं बोलणं, सगळं सारख्याच जोरानं आत घुसलं. डोकं भणाणून जाईल. ऑटिझम असलेल्या अनेकांचा हा रोजचा अनुभव आहे. काहींच्या बाबतीत उलट घडतं: संवेदना फारच क्षीण पोचतात. मानसविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं संवेदनांच्या या कमी-जास्त तीव्रतेला ऑटिझमच्या निकषांत जागा दिली, ती २०१३ साली.

मराठीत आपण ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण तो ऐकून दारं लावून आत बसलेलं माणूस डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्याची दारं मिटतच नसतील तर?

२०२०च्या टाळेबंदीनं रस्ते गप्प केले. ऑटिस्टिक माणसांपैकी कुणाला ती शांतता मानवली. कुणाचा ठरलेला दिनक्रम मोडला, आधाराची माणसं भेटेनाशी झाली. पुढे वर्दळ परतली तेव्हा हॉर्न आणि गर्दी तुम्हालाही काही दिवस नकोशी झाली असेल. चाळणीची सवय मोडली की काय होतं, याची ती छोटीशी चुणूक.

त्याच काळात ब्रिटनच्या कलाजगतात एक नवल घडत होतं. तिथला मानाचा टर्नर पुरस्कार २०२०मध्ये रद्द झाला. त्याऐवजी दहा कलाकारांना प्रत्येकी दहा हजार पौंड दिले गेले. २०२१मध्ये अंतिम यादीत पहिल्यांदाच पाचही जागा कलासमूहांना मिळाल्या. त्यांतला एक होता हेस्टिंग्जचा ‘प्रोजेक्ट आर्ट वर्क्स’. वेगळ्या घडणीच्या मेंदूंचे, म्हणजेच न्यूरोडायव्हर्स कलाकार तिथे काम करतात. तेव्हा बक्षीस बेलफास्टच्या समूहाला गेलं. पण डिसेंबर २०२५मध्ये ब्रॅडफर्डला नाव पुकारलं गेलं ते न्नेना कालू यांचं. त्या ऑटिस्टिक आहेत, फार कमी बोलतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकाराला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

१९६६मध्ये ग्लासगोत नायजेरियन आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या कालू १९९९पासून लंडनच्या ‘अ‍ॅक्शनस्पेस’मध्ये काम करतात. त्यांचं शिल्प जवळून पाहा. कापड, दोर, प्लास्टिक, चिकटपट्टी आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली चकचकीत काळी फीत. एकावर एक वेढे, पुन्हा वेढे, वर गाठ, आणि छताला लटकणारा रंगीबेरंगी कोश तयार! चित्रांतही तेच. हात पोचेल तितक्या रुंद कागदावर रेषा गरगरत राहतात आणि भोवरा उमटतो. गंमत म्हणजे हे भोवरे जोडीनं किंवा तिघांच्या संचात येतात. तीच हालचाल पुन्हा, जवळपास तशीच. पण दोन भोवरे तंतोतंत सारखे मात्र नसतात.

आपल्या कामाचा अर्थ कालू सांगत नाहीत, आणि आपण तो त्यांच्या तोंडी घालू नये. पण एक गोष्ट पाहणाऱ्याला दिसते: इतका पसारा, तरी त्याला एक ठेका आहे. एकच हालचाल पुन्हापुन्हा केल्यानं गोंगाटात सावरायला मदत होते, असं अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात. ज्याला आपण ‘उगाच हात हलवणं’ म्हणून दटावतो, तो कुणासाठी असा ठेका असू शकतो.

म्हणून एक विनंती. पुढच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर एखादं मूल कानांवर हात ठेवून डुलताना दिसलं, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याला कार्यालयाच्या मागच्या शांत ओसरीत घेऊन जा, आणि डुलू द्या.