रुमालाखाली काय, रुमालाबाहेर काय

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बैलबाजाराची सवय नसलेल्या माणसाला अशा ठिकाणी एक जुनी रीत हमखास खटकते. दोन माणसं उपरण्याखाली एकमेकांचा पंजा धरून उभी असतात आणि तोंडातून शब्द निघत नाही. काहीतरी काळंबेरं चाललंय, असं त्याला वाटतं.

वस्तुस्थिती अशी, की रुमालाखाली झाकलेली असते ती फक्त किंमत. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. ते शेकडे की हजार, हे जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. बाकी सगळा मामला चारचौघांत. बैल आदत आहे की चौसा, हे जबडा उघडून बघतात, चालवून पाय बघतात, गाईची कास दाबून बघतात. किंमत झाकण्यालाही कारण आहे. साठ हजाराला सौदा फिसकटला हे गलक्यात ऐकू गेलं, तर दिवसभर कोणी साठाच्या वर जात नाही.

म्हणून रुमाल शेतकऱ्याच्याच फायद्याचा, असं म्हणणारेही चुकतात. रुमालाखाली त्याचा स्वतःचा हात थेट घेणाऱ्याच्या हातात असेल तरच ते खरं. दलालाने आधी घेणाऱ्याची बोटं धरली, मग विकणाऱ्याची, तर दोन्ही आकडे एकट्या दलालाला ठाऊक. मधला फरक कुठे गेला, हे कोणाला विचारणार? बाजार समितीत कांद्याचा लिलाव उघड बोलीने होतो, तो याच दुखण्यावरचा उपाय आहे.

सगळ्यात पक्का गैरसमज मात्र खोडीबद्दलचा. ‘मालकाने खोड लपवली म्हणजे कायद्याने फसवणूक झालीच.’ तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम १७ मध्ये चक्क घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात दोष आहे हे मालकाला माहीत आहे, लिलावात तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो,’ आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच. तिसरं उदाहरण मला फार आवडतं. घेणारी मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणं बापाचं कर्तव्यच. म्हणजे परक्याने विचारायचं, पोरीला न विचारता सांगायचं. तेव्हा दावं हातात घेण्याआधी, साक्षीला दोन माणसं उभी करून, ‘मारका नाही ना? औताला बसत नाही ना?’ असं मोठ्याने विचारावं. हे रुमालाखाली विचारण्यात अर्थ नाही. सकाळची धार न काढता कास तटतटीत ठेवून गाय उभी करण्याची चलाखीही जुनीच. तिथे विचारण्यापेक्षा एक दिवस थांबून दोन वेळची धार बघितलेली बरी.

आता पावती. ‘आपसातला व्यवहार, कागद कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. पण पावतीवरची नावं आणि जनावराचं वर्णन हाच ते चोरीचं नसल्याचा घेणाऱ्याकडचा पुरावा. राज्य सरकारने १ जून २०२४पासून कानात टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली आहे. २०२२च्या लम्पी साथीत बाजार बंद ठेवावे लागले होते. कुठलं जनावर कुठून आलं, हे अशा वेळी कळावं लागतं. टॅगवरचे बारा आकडे सगळ्यांना दिसतात, पण त्यावर मालकाचं नाव छापलेलं नसतं. ते आकडे पावतीवर लिहून घ्यावेत आणि पैसे मोजण्याआधी कानाशी ताडून बघावेत.