स्वतंत्र भारत पक्ष : एका छोट्या उदारमतवादी पक्षाची कहाणी

इगतपुरीहून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याच्या जोडीने धावणारा लोहमार्ग 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात रोखून धरत कांदा-उसाच्या भावासाठी जे आंदोलन उभे राहिले, त्यातून शरद जोशी यांची शेतकरी संघटना घराघरांत पोहोचली. याच चळवळीच्या विचारातून 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला. राजगोपालाचारींच्या 1959 च्या स्वतंत्र पक्षाशी नाते सांगणारा हा पक्ष अर्थकारणात उजवीकडे झुकलेला, म्हणजे शेतमालाच्या बाजारावरील सरकारी बंधने हटवावीत, निर्यात खुली करावी आणि शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडण्याची मोकळीक असावी, असे मानणारा होता.

निवडणुकीत त्याला फारसे यश लाभले नाही. 2004 मध्ये राजुऱ्यातून वामनराव चटप विधानसभेवर गेले आणि त्याच वर्षी जोशी राज्यसभेत पोहोचले. तेथे त्यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्यातील 29-अ या कलमाला, म्हणजे नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाने समाजवादावर निष्ठा व्यक्त करण्याच्या अटीला, खासगी विधेयकाद्वारे आव्हान दिले, कारण समाजवाद न मानणाऱ्या पक्षाला खोटी शपथ घ्यायला लावणे लोकशाहीत बसत नाही, आणि हा आक्षेप आजही तितकाच रास्त आहे. मार्च 2010 मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत 186 विरुद्ध 1 मतांनी संमत झाले, तेव्हा ते एकमेव विरोधी मत जोशींचे होते. विशेष म्हणजे 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन याच नेत्याच्या पुढाकाराने भरले होते.