टायटॅनियम हार्डटेल सायकल

टायटॅनियम हार्डटेल सायकल म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूची फ्रेम असलेली आणि केवळ पुढच्या चिमट्यात धक्काशोषक यंत्रणा असलेली डोंगरी सायकल होय. मागील चाक फ्रेमलाच थेट जोडलेले असल्याने मागची बाजू ताठ राहते. ‘हार्डटेल’ हे नाव त्यावरून पडले. या प्रकारच्या सायकली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तयार होत आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः २०१० पूर्वीच्या, २६ इंची चाकांच्या जुन्या सायकलींचा, त्यांच्या देखभालीचा आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या प्रदेशातील त्यांच्या उपयुक्ततेचा विचार केला आहे.

अशा सायकलीची फ्रेम गंजत नाही आणि योग्य निगा राखल्यास अनेक दशके टिकते. मात्र तिला जोडलेले चिमटा, चाके, ब्रेक व दातेरी चक्रे हे भाग झिजतात आणि त्यांची मापेही बाजारात बदलत जातात. त्यामुळे जुन्या टायटॅनियम सायकलीच्या मालकाचा बहुतेक वेळ फ्रेमपेक्षा फ्रेमला बसतील असे भाग शोधण्यात आणि जपण्यात जातो.

इतिहास

टायटॅनियम हे मूलद्रव्य १७९१ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर यांना आढळले. त्याला आजचे नाव १७९५ मध्ये मार्टिन क्लापरोथ यांनी दिले. धातुरूपात ते मोठ्या प्रमाणावर मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यात, क्रोल प्रक्रियेमुळे, आणि प्रथम त्याचा उपयोग विमानांसाठी झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील टेलेडाइन आणि इंग्लंडमधील स्पीडवेल यांनी टायटॅनियमच्या रस्ता-सायकली बनवल्या.

कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमध्ये १९७० च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पळवण्याच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्यातून डोंगरी सायकल जन्माला आली. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात मर्लिन मेटलवर्क्स आणि टेनेसी राज्यात लाइटस्पीड या कंपन्या स्थापन झाल्या. पुढे कोलोरॅडोतील मूट्स कंपनीही टायटॅनियमकडे वळली. या काळातील फ्रेमसाठी प्रामुख्याने ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरला गेला. विमानातील द्रवदाबाच्या नळ्यांसाठी तो विकसित झालेला असल्याने त्याच्या नळ्या तयार मिळत होत्या. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तेथील काही कारखान्यांनीही सायकलीच्या फ्रेम बनवून पाश्चात्त्य बाजारात आणल्या.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचा समावेश झाला, तेव्हा टायटॅनियमची हार्डटेल ही हौशी चालकाच्या स्वप्नातील सायकल मानली जात असे. त्यानंतर स्वस्त ॲल्युमिनियम आणि अधिक हलके कार्बन यांनी तिची जागा घेतली.

धातूचे गुणधर्म

टायटॅनियमची घनता सुमारे ४.५ ग्रॅम प्रति घनसेंमी आहे, पोलादाची ७.८ आणि ॲल्युमिनियमची २.७. ताठपणातही तो पोलादाच्या साधारण निम्मा भरतो. म्हणून पोलादाच्या मापाच्याच नळ्या वापरल्यास टायटॅनियमची फ्रेम लवचीक होते. डोंगरी सायकलींच्या निर्मात्यांनी अधिक व्यासाच्या नळ्या वापरून ही उणीव भरून काढली, कारण नळीचा ताठपणा तिच्या व्यासानुसार झपाट्याने वाढतो. तयार फ्रेमचे वजन बहुधा दीड ते पावणेदोन किलोच्या आसपास असते.

टायटॅनियम ‘धक्के गिळतो’ असे जाहिरातींत ठामपणे सांगितले जाते. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. फ्रेमच्या मागील त्रिकोणाची वाक काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही, तर टायर कितीतरी अधिक दबतो. टायरची रुंदी आणि त्यातील हवेचा दाब यांचा परिणाम धातूच्या निवडीपेक्षा मोठा असतो. धातूचा निर्विवाद गुण वेगळाच आहे. हवेच्या संपर्कात येताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो आणि ओरखडा पडल्यास तो क्षणात पुन्हा जमतो. त्यामुळे फ्रेमला रंगाची गरज नसते. मळलेली, ओरखडे पडलेली फ्रेम भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने एकाच दिशेने घासल्यास पूर्ववत दिसते. तारेची लोखंडी घासणी मात्र वापरू नये. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि गंजून डाग पडतात.

भारतात टायटॅनियमची खनिजे विपुल आहेत. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांप्रमाणेच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट आढळते. केरळातील चवरा येथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. त्याचा माल प्रामुख्याने अवकाश व संरक्षण क्षेत्रासाठी असतो. शाहूवाडीच्या पश्चिमेकडील जांभ्याच्या सड्यांवर बॉक्साइट आहे आणि मूळ बेसॉल्ट खडक कुजून जांभा बनताना लोह व ॲल्युमिनियमबरोबर टायटॅनियमचे ऑक्साइडही मागे उरते. म्हणजे सड्यावरून जाणाऱ्या टायटॅनियम सायकलीच्या चेनमध्ये जी तांबडी धूळ शिरते, तीत फ्रेमच्याच धातूचा अंश असतो. धातू काढण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही, हा भाग वेगळा.

जुनी मापे

जुनी फ्रेम विकत घेताना किंवा वापरात ठेवताना चार मापे निर्णायक ठरतात.

पहिले माप चाकाचे. २६ इंची डोंगरी चाकाच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ५५९ मिमी असतो. नंतर आलेल्या २७.५ इंची चाकाचा ५८४ आणि २९ इंचीचा ६२२ मिमी. परदेशात २६ इंची चाक जवळपास कालबाह्य ठरले आहे. भारतात मात्र स्वस्त गिअरच्या सायकली दीर्घकाळ याच मापाच्या असल्याने ५५९ मिमीचा टायर व ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानात नुसता ‘सव्वीसचा टायर’ मागितल्यास २६ × १ ३/८ या मापाचा टायर हाती पडू शकतो. त्याचा व्यास ५९० मिमी असल्याने तो या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला ५५९ हा आकडा पाहूनच खरेदी करावी.

दुसरे माप फ्रेमच्या पुढच्या नळीचे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चिमट्याचा दांडा सव्वा इंचाहून किंचित कमी, म्हणजे १ १/८ इंच व्यासाचा आणि सरळ असे. आजचे बहुतेक चिमटे खाली रुंद होत जाणाऱ्या दांड्याचे असतात आणि ते जुन्या नळीत शिरत नाहीत. चिमट्याची लांबीही महत्त्वाची असते. जुन्या फ्रेम ८० ते १०० मिमी हालचालीच्या, कित्येकदा त्याहूनही आखूड चिमट्यासाठी आखलेल्या असत. चिमटा २० मिमी लांब झाला की हँडलचा कोन अंदाजे एक अंशाने कलतो, आणि पुढच्या नळीच्या सांध्यावरील ताणही वाढतो. १९९० च्या दशकातील काही चिमट्यांत रबरी ठोकळे असत. ते कालांतराने कडक होतात किंवा भुगा होऊन पडतात. सुटे भाग न मिळाल्यास योग्य उंचीचा साधा पोलादी चिमटा बसवणे हाच व्यवहार्य उपाय उरतो, आणि तो वाईट नाही.

तिसरे माप मागील चाकाच्या आसाचे. जुन्या फ्रेममध्ये दोन खाचांमधील अंतर १३५ मिमी असते आणि चाक खटक्याच्या दांड्याने आवळले जाते. नवीन सायकलींतील १४२ व १४८ मिमीच्या आरपार आसाची चाके येथे चालत नाहीत. टायटॅनियमची फ्रेम पोलादासारखी वाकवून रुंद करण्याचा प्रयत्न करू नये. चौथे माप सीटच्या दांड्याचे. ते बहुधा २७.२ मिमी असते, पण निर्मात्यानुसार बदलते.

दातेरी चक्रांबाबत परिस्थिती बरी आहे. आठ व नऊ गिअरच्या चेन आणि मागील चक्रांचे संच अद्याप तयार होतात. पुढे २२ आणि मागे ३४ दात असा हलका गिअर जुन्या तीन चकत्यांच्या रचनेत सहज मिळतो.

शाहूवाडी परिसरातील वापर

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातील मुख्य बाजारपेठेचे गाव कोल्हापूरपासून सुमारे ४५ किमीवर आहे. तेथून पश्चिमेकडे कोल्हापूर–रत्नागिरी महामार्ग आंबा घाटाने कोकणात उतरतो. तालुक्यात विशाळगड आहे. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून याच गडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड, म्हणजेच आजची पावनखिंड, लढवली. उत्तरेकडे चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा भाग येतो.

या प्रदेशात तीन प्रकारची जमीन चाकाखाली येते: वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या तांबड्या मातीच्या गाडीवाटा, जांभ्याचे उघडे सडे आणि ओढ्यांतील बेसॉल्टचे धोंडे. गाडीवाटांवर जुनी हार्डटेल उत्तम चालते. सड्यावरील जांभा छिद्रांनी खडबडीत असल्याने कोरड्या दिवसांत पकड चांगली मिळते, परंतु सततची थरथर हाताला व पाठीला जाणवते. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास ती सुसह्य होते. ओढ्यांतील शेवाळलेल्या धोंड्यांवर जुन्या सायकलीचा उभा कोन आणि आखूड चिमटा चालकाला पुढे लोटू पाहतो. अशा ठिकाणी उतरून सायकल खांद्यावर घेणे श्रेयस्कर, आणि सायकल हलकी असल्याचा खरा लाभ तेथेच होतो.

पन्हाळा ते विशाळगड ही वाट दरवर्षी जुलैमध्ये पदयात्रींनी भरून जाते. ती सलग सायकलीची वाट नाही. पावनखिंडीत पायऱ्यांनी उतरावे लागते आणि जागेचे स्वरूप पाहता तेथे सायकल नेण्याचा अट्टहास अनुचित ठरतो. चांदोलीच्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. आंब्याच्या जंगलात गव्यांचा वावर असतो. पहाटे व सायंकाळी आवाज न करणारी सायकल वळणावर गव्याच्या अगदी जवळ पोहोचू शकते, म्हणून अशा वेळी घंटी वाजवत जाणे इष्ट.

पावसाळ्यात सड्यांवर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर अल्पायुषी वनस्पतींचा बहर येतो. त्यांत कीटकभक्षी वनस्पतीही असतात. ओल्या सड्यावर चाकाने पडलेली चाकोरी पाण्याचा मार्ग बदलते आणि पुढील काही हंगाम टिकते. जून ते ऑक्टोबर या काळात रुळलेली गाडीवाट सोडून सड्यावर सायकल घालू नये, असे स्थळाचे स्वरूपच सांगते.

तांबडा चिखल सायकलीच्या भागांना पाण्याहून अधिक त्रासदायक असतो. रिमवर दाबणारे ब्रेक असल्यास चिखलातील कण ब्रेकच्या रबरात रुतून रिम खरवडतात. एका पावसाळ्यात रिमची भिंत लक्षणीय झिजू शकते. चकतीचे ब्रेक यापासून मुक्त असतात, पण १९९० च्या दशकातील अनेक फ्रेमना ते बसवण्याची सोयच नसते. तारेच्या ब्रेकची एक बाजू मात्र या भागात जमेची ठरते: तार व रबर कोणत्याही सायकल दुकानात बदलून मिळते, तर द्रवदाबाच्या ब्रेकसाठी कोल्हापूर गाठावे लागण्याची शक्यता अधिक. चाकाची आऊट काढणे, छर्रे व ग्रीस बदलणे ही कामेही गावातील अनुभवी कारागीर व्यवस्थित करतो.

सीटच्या दांड्याचे अडकणे

टायटॅनियम स्वतः गंजत नाही. तो शेजारच्या धातूला मात्र गंजवतो. ॲल्युमिनियमचा दांडा टायटॅनियमच्या नळीत असताना त्यांच्यामध्ये ओल शिरली की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी तयार होते. ती फुगते व दांडा नळीत घट्ट बसतो. आंब्यासारख्या अतिवृष्टीच्या परिसरात चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे हा धोका कोरड्या प्रदेशापेक्षा मोठा आहे. दांडा दर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात दर महिन्याला बाहेर काढून पुसावा आणि धातू एकमेकांना चिकटू न देणारी ‘अँटी-सीझ’ पेस्ट लावावी. पॅडलच्या आसाचे कप व बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू यांनाही हाच नियम लागू आहे.

अडकलेला दांडा पिळून काढताना फ्रेमची नळीच तडकण्याचा संभव असतो. शेवटचा उपाय म्हणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने दांडा विरघळवला जातो, कारण ते ॲल्युमिनियमला खाते आणि टायटॅनियमला सामान्य तापमानास जवळजवळ धक्का लावत नाही. या क्रियेत उष्णता व ज्वलनशील हायड्रोजन निर्माण होतो आणि द्रावणाने त्वचा व डोळे भाजतात. ती घरात, किंवा हातमोजे व चष्म्याविना करू नये.

तडे व दुरुस्ती

फ्रेम अमर असल्याचा समज चुकीचा आहे. वारंवार पडणाऱ्या ताणाने टायटॅनियमलाही तडे जातात, विशेषतः पुढची नळी व खालची नळी यांच्या सांध्याजवळ, पॅडलच्या आसाच्या नळकांड्यापाशी, मागील चाकाच्या खाचांजवळ आणि सीटच्या नळीच्या वरच्या चिरेच्या टोकाशी. सीटचा दांडा फारच थोडा आत ठेवल्यास या शेवटच्या ठिकाणी तडा लवकर जातो. फ्रेम धुऊन, कोरडी करून, तिरप्या उजेडात हे सांधे पाहावेत. रंगाखाली तडा लपतो. रंगविरहित फ्रेमवर तो केसासारखा दिसतो. जुनी फ्रेम खरेदी करताना सांध्यांचा रंगही पाहण्यासारखा असतो. रुपेरी किंवा फिकट पिवळसर सांधा योग्य जोडकामाचे लक्षण आहे. निळसर, करडा किंवा पांढुरका सांधा असल्यास जोडताना तप्त धातूला हवा लागून तो ठिसूळ झाला असण्याची शक्यता असते.

याच कारणाने दुरुस्ती अवघड आहे. टायटॅनियम जोडताना सांध्याच्या बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायूचे आवरण लागते. त्यामुळे लोखंडी गेट व ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डिंग दुकानात हे काम होत नाही. रासायनिक कारखान्यांसाठी टायटॅनियमची भांडी व नळ्या बनवणाऱ्या कार्यशाळांकडे ही साधने असतात, मात्र सायकलीच्या पातळ नळीवर काम करण्यास त्यांतील कारागीर तयार असेलच असे नाही. तडा गेलेली फ्रेम तोवर चालवू नये. पुढच्या नळीचा सांधा सुटल्यास चालक थेट तोंडावर आपटतो.